एकाच फरशीवर

साबणावरची अक्षरं तशीच होती. सकाळी साडेनवाला नांदेडहून लातूरला पोचलो, पिशवी खाली ठेवली आणि हात धुवायला म्हणून माझ्या आईच्या, अव्वाच्या, नव्या बाथरूममध्ये शिरलो. बेसिनवरचा हात धुवायचा साबण झिजून पापडाएवढा पातळ झालेला, म्हणून शेजारच्या खणातला अंघोळीचा साबण उचलला, आणि तो हातात धरून तसाच उभा राहिलो. बावीस दिवसांपूर्वी परत जाताना हा साबण मीच कागदातून काढून तिथं ठेवला होता. चंदनाचा, तिच्या आवडीचा. बसल्या जागेवरून तिचा हात पोचावा अशा उंचीवर तो खण मी स्वतः उभं राहून बसवून घेतला होता. बावीस दिवस रोज अंघोळ झाली तर साबणाची चिपटी उरते, तेवढं कळायला इंजिनियर असावं लागत नाही. हा साबण दुकानात होता तसा होता. कोरडा, कडक, चारी कडा शाबूत. अंघोळीला बसायची घडीची फळी भिंतीला उभी टेकवलेली होती, तिच्यावर धूळ बसली होती. मी बोट फिरवून पाहिलं, हो, धूळच.

"आत काय करायलास रे संगू? च्या निवायलाय," बाहेरून अव्वाची हाक आली.

"आलो," म्हणालो, आणि आलो नाही. खरं सांगतो, मला वाईट वगैरे काही वाटलं नाही आधी. राग आला. मी रोज सकाळी दहाला नांदेडहून फोन करतो. रिटायर झाल्यापासून तेवढं एकच काम वेळेवर करतो. अंघोळ झाली का? झाली. पूजा? झाली. जेवलीस? हाव, जेवले. बावीस दिवस मी हे ऐकत आलो आणि फोन ठेवून माझ्या बायकोला, देविकाला, सांगत आलो की बघ, नुसती आधाराची दांडी लावली तर माणूस किती सुटवंग होतं. सोसायटीतल्या दोघांना तर मी बोलावून फोटो दाखवले होते. एक्याऐंशी वर्षांची बाई. बसम्मा शिवलिंगप्पा, गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत साठ वर्षं राहिलेली. खोटं बोलताना तिचा आवाज एकदाही हलला नाही. लहानपणी मी खोटं बोललो की तिला माझ्या कानांवरून कळायचं म्हणे. मला तिच्या कानांवरून काहीच कधी कळलं नाही. आणि फोनवर तर कानही दिसत नाहीत.

या जागी आधी न्हाणी होती. साडेपाच बाय चार, शहाबादी फरशी, दाराला वीतभर उंबरा, आणि अर्धी जागा खाणारा सिमेंटचा हौद. लातुरात नळाला पाणी आठ आठ, दहा दहा दिवसांनी येणार, मग घराघरात हौद असणारच. संडास मात्र लांब, अंगणाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात. माझ्या वडिलांनी तो तेवढा लांब का बांधला हे मी कधी मनाला विचारलं नव्हतं. जागा होती म्हणून बांधला असेल, असं धरून चाललो. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात गेली माझी, शाळांच्या खोल्या, आरोग्य केंद्रं, व्हीलचेअरच्या उतरत्या वाटा, सगळं बांधलं. हिमायतनगरपासून इस्लापूरपर्यंत कुठल्या इमारतीला किती पायऱ्या हे झोपेत सांगेन. आपल्या घरात काय कुठं आहे आणि का आहे, तेवढं बघायचं राहून गेलं. गेल्या थंडीत अव्वा पहाटे संडासाला जाताना अंगणात पडली. डावं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, आजी या वेळेला मनगटावर सुटल्या, पुढच्या वेळेला खुबा जाईल, मग उठणं नाही. मी तिला नांदेडला नेलं, तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये. दोन महिने हात गळ्यात. देविका ओल्या पंच्यानं तिचं अंग पुसून काढायची. पूजा नव्हतीच. आम्ही लिंगायत, अव्वाच्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, आणि ते लिंग घ्यायचं डाव्या तळहातावर, तो तळहातच प्लास्टरमध्ये. "दुखण्यात चालतंय," ती म्हणायची, "दुखण्यात माफ असतंय." प्लास्टर निघालं त्याच दिवशी ती म्हणाली, मला लातूरला सोड. तिसऱ्या मजल्यावर करमत नाही असं मला वाटलं. आमच्या फ्लॅटात दोन बाथरूम आहेत आणि दोन्हींत कमोड आहेत, हे मला त्या वेळी कशाला आठवेल?

मग मी नकाशा काढला. कोणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर, पण मापात. उंबरा काढायचा. हौद फोडायचा, गच्चीवर टाकी बसवायची. शहाबादी उखडून खरबरीत टाइल, उतार असा की पाणी थांबणार नाही आणि पाय घसरणार नाही. डाव्या अंगाला कमोड, उजव्या अंगाला बसून अंघोळीची जागा. दार बाहेर उघडणारं, म्हणजे देव न करो ती आत पडली तरी दार अडणार नाही. या दाराचा मला फार अभिमान होता. भिंत जुनी, विटा मातीत बसवलेल्या, दांडीचा बोल्ट धरेना, तर आतून काँक्रीटचा पट्टा भरून घेतला. अव्वाला खुर्चीवर बसवलं, उठताना हात कुठं जातो त्याचं माप घेतलं. मनगटापासून कोपरापर्यंत टेप लावला. ती मुकाट बसून राहिली, शिंप्याकडं बसावं तशी. ग्यानोबा गवंडी माझ्याबरोबर होता, जुना माणूस. तो एकदा विडी विझवून म्हणाला, "साहेब, संडासचं भांडं कुठं बसवायचं ते एक डाव मायला विचारा की." मी म्हणालो, तिला काय ड्रॉइंग कळतंय? त्यानं थापी उचलली. आणि मी आधीच पलीकडचा जुना संडास पाडून खड्डा बुजवला होता, तिनं पुन्हा सवयीनं तिकडं जाऊ नये म्हणून. नवी सेप्टिक टाकी अंगणाच्या पोटात घातली. परत फिरायला जागाच ठेवली नाही. काम म्हणजे असं पाहिजे, असं माझं तेव्हा मत होतं.

ती भांडली ती हौदासाठी. चार दिवस भांडली. पाणी डोळ्याला दिसलं पाहिजे, टाकीतलं पाणी कुणी बघितलंय, मोटर बिघडली तर काय तुझ्या डोक्यावर न्हाऊ का, असं सगळं. मी मोठी टाकी आणली, गच्चीवर चढून झाकण उघडून मोबाईलमध्ये फोटो काढून दाखवला, बघ, भरलीय. मग ती बोलायची थांबली. मला वाटलं पटलं. आता वाटतं, हौदाचं भांडण तिला तोंड उघडून करता येत होतं म्हणून तिनं ते केलं. दुसरं जे होतं ते मुलासमोर, गवंड्यासमोर काढणं तिच्यानं झालं नाही. आम्ही दोघं पुरुष दिवसभर तिच्या संडासाविषयी मोठमोठ्यानं बोलायचो. भांडं इंचभर पुढं घे, म्हातारीच्या गुडघ्याला बरं पडेल. ती सैपाकघरात पाठमोरी राहायची.

मी बाहेर आलो. चहा पुढं होता. ती जमिनीवर नाही, मीच आणलेल्या खुर्चीवर बसली होती, स्वच्छ लुगडं, केस चापून बसवलेले. कपाळाला विभूती नव्हती. मी आलो तेव्हाही नसणार, पण साबण पाहिल्याशिवाय मला कपाळ दिसलं नाही. गालफडं आत गेली होती. खांद्याची हाडं लुगड्यातून कळत होती. मी साबण तिच्यापुढं टेबलावर ठेवला.

ती साबणाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "अंग पुसून घेते की रोज. मळ न्हाई माझ्या अंगाला."

"मग फोनवर?"

"तू इचारायलास. काय सांगू?"

"काय खुपतं तिथं? दांडी उंच झाली? पाणी गरम येत नाही?"

"समदं येतंय. चांगलं हाय." तिनं पदर तोंडाला लावला. "संडासला बरं हाय, संगू. लई बरं हाय. गुडघं दुखत न्हाईत, रातच्याला भ्या वाटत न्हाई. तू केलेलं वाया न्हाई गेलं."

"मग अंघोळ का नाही?"

बाहेर गल्लीत भांडेवाला ओरडत गेला. नंतर ती खाली बघत, अगदी हळू म्हणाली, "हागायच्या जागी न्हाऊन लिंगाला हात लावू का?"

मी बोललो, फार बोललो. आपल्यात सोवळं ओवळं नाही, लिंगायतांत तर मुळीच नाही, आपल्या संतांनी, शरणांनी आठशे वर्षांमागं हेच सांगितलं. सगळ्या शहरांत एकाच ठिकाणी दोन्ही असतं. दिवसाआड फिनाइल पडतं, फरशी ताटापेक्षा स्वच्छ आहे. बोलता बोलता माझा आवाज सभेत बोलल्यासारखा चढला. आणि मधेच आठवलं की माझं स्वतःचं लिंग नांदेडला कपाटात आहे, खालच्या खणात, एलआयसीच्या कागदांजवळ, पंधराएक वर्षं तरी. मी कुणाला शरण शिकवतोय?

"सांगितलं आसंल शरणांनी," अव्वा म्हणाली. "मला बी ठावं हाय. पर हाताला कसं सांगू? एक डाव न्हायले की तिथं, तू गेलास त्याच दिशी. नुसतं पाणी घेतलं अंगावर. भाईर येऊन डबी उघडायला गेले, तर हात फुडं जाईना. पाणी त्याच फरशीवरनं पायाला लागलेलं. बसून राहिले तशीच. पूजा न्हाई तर तोंडात घास कसा घालू? गोळ्या उपाशी घेऊ नका म्हन्लाय डाक्टर, म्हनून दुपारी एक डाव खाते. पोटाला कुठं कळतंय? पर गोड लागत न्हाई."

बावीस दिवस एक वेळ. माझी आई लातुरात स्वतःच्या घरात, भरल्या डब्यांशेजारी अर्धपोटी राहिली, ती माझ्या नकाशामुळं. असं नीट शब्दांत मनात आलं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. दोन्हींतलं काही केलं नाही. उठलो आणि टेप शोधला. माणूस सवयीचा गुलाम, दुसरं काय? साडेपाच बाय चारमध्ये मधे भिंत घातली तर दोन्हीकडं जेमतेम सव्वादोन सव्वादोन फूट उरतात, त्यात ती वळणार नाही, पडली तर उचलायला कोणी शिरणार नाही. अंगणात नवी न्हाणी काढावी तर उरलेल्या सगळ्या जागेखाली मीच घातलेली सेप्टिक टाकी. पलीकडच्या कोपऱ्यात काढावी तर तिथं साठ वर्षं संडास होता. कमोड काढून टाकावा तर तिनं रात्री कुठं जायचं? मी अंगणात उभं राहून चारी बाजूंना बघितलं. शेजाऱ्यांचे तीन तीन मजले वर गेलेले, सगळ्यांच्या खिडक्या आमच्या अंगणात. या घरात तिला स्वच्छ पाणी अंगावर घ्यायला चार फूट जागा मी ठेवली नव्हती. आयुष्यात इतकं पक्कं काम मी दुसरं केलं नाही.

"सैपाकघरातली मोरी हाय की," अव्वा मागून म्हणाली. "तिथं न्हाले आसते. परवा बसले बी. नुसत्या पाण्यानं न्हाणं झालं, मग उठता येईना. चतुराबाई भांड्याला आली तवर बसून राहिले. तिनं उठवलं. तिला म्हनले, संगूला सांगू नको."

ही मोरी म्हणजे ओट्याच्या कोपऱ्यातली भांडी घासायची जागा. दोन बाय दोन, भोवती वीतभर कठडा, खाली गुळगुळीत कडप्पा. एका अंगाला दार, दुसऱ्या अंगाला खिडकी, तिसऱ्या अंगाला ओटा. दांडी लावायला भिंतच नाही आणि स्टूल कठड्यात मावत नाही. मी तरी माप घेतलंच. ती दारात उभी राहून माझं माप घेणं बघत होती. मग म्हणाली, "आज तू हाईस. आज न्हाते. तू भाईरच्या अंगाला तोंड करून उभा राहा. पडले तर धरायला."

मी पाणी तापवलं, बादली कठड्याशी ठेवली, मोरीत ओलं पोतं अंथरलं. साबण आणून दिला. ती जुनं लुगडं नेसून, माझ्या खांद्याला धरून कठडा ओलांडून आत बसली, तेवढ्यालाच किती वेळ लागला. मी दारात पाठमोरा उभा. तांब्याचा आवाज, पाण्याचा आवाज. पहिला तांब्या अंगावर पडला तशी ती "शिवा शिवा" म्हणाली, आणि तिच्या आवाजात जे सुख होतं ते मी फार वर्षांत ऐकलं नव्हतं. चंदनाचा वास आला. मी लहान असताना ती मला याच मोरीत बसवून घासायची, मी रडायचो, डोळ्यांत साबण जायचा, ती म्हणायची, मिट डोळे, मिट घट्ट. आता मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा होतो. दर महिन्याचे सण, गॅसच्या तारखा तिनं गोल करून ठेवलेल्या. मनात म्हणालो, हेच करायचं. आठवड्यातून दोनदा यायचं, साडेतीन तासांचा तर रस्ता. मग तीनदा. आणि उरलेले चार दिवस? चतुराबाई भांडी घासून पुढच्या घरी पळते, तिला रोज थांबवता येणार नाही. माझी पाठ धरते, बायपास झालीय, एखाद्या दिवशी मीच आजारी पडलो तर? माझी मुलगी पुण्याला, तिला हे कसं सांगू? हिशेब कुठूनही धरला तरी चार दिवस उरतच होते.

"संगू."

"झालं?"

"उठता येईना रे."

मी मागं न बघता हात मागं केला. "धर." तिनं धरला. ओला हात, साबणाचा, निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. मागं तिचा दम लागलेला ऐकू येत होता. तिसऱ्यांदा तिनं धरलाच नाही.

"असं न्हाई व्हायचं," ती म्हणाली. "वळ."

मी डोळे मिटून वळलो. डोळे मिटून कुणाला उचलता येतं का? उघडले. ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, लुगडं अंगाला चिकटलेलं, एका खांद्यावरून सुटलेलं. ते सावरायला हात मोकळा नव्हता, दोन्ही हात कठड्याला. ती माझ्याकडं बघत नव्हती, खिडकीकडं बघत होती. मी काखेत हात घातले आणि उचललं. काही वजनच नव्हतं. उभी राहिल्यावर तिनं पहिलं काम केलं ते खांद्यावरचं लुगडं ओढून घ्यायचं, आणि ते ओढताना तिचं तोंड असं झालं की मी ते कुणाला सांगू शकत नाही. चतुराबाईनं उचललं तेव्हा ते तसं झालं नसणार. मी टॉवेल दिला आणि बाहेर जाऊन अंगणात उभा राहिलो.

पूजा तिनं फार वेळ केली. पाटावर बसता येत नाही म्हणून खुर्चीवर, समोर स्टुलावर विभूती, पाणी, चतुराबाई अजूनही रोज ठेवते ती बेलाची पानं. डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर घेतलं. मोडलेल्या मनगटाला भार पेलेना, म्हणून उजव्या हातानं खालून आधार दिला, मग पाणी घालायला हात उरेना. मी पुढं झालो. "नको," ती म्हणाली, "होतंय मला." आणि केलं तिनं. पाणी घातलं, विभूती लावली, पान वाहिलं, डोळे मिटले. मी खरं म्हणजे तेवढ्या वेळात मोरीचाच विचार करत होतो. कठडा तोडला आणि छतातून साखळी सोडली तर? छत धरेल. छताला हुक मारून खाली लोखंडी कडी, तिला धरून उठता येईल. मला एकदम उभारी आली. ग्यानोबाला संध्याकाळीच फोन लावायचा ठरवला. तिनं तीर्थ घेतलं, लिंग पुसून डबीत ठेवलं, डबी गळ्यात घातली. जेवण वाढ म्हणाली. भाकरी, वांग्याची भाजी, वर तूप. दीड भाकरी खाल्ली तिनं. मी साखळीचं सांगितलं, हात वर करून, इथून अशी येईल म्हणून दाखवलं. ती जेवता जेवता ऐकत होती, मान हलवत होती. पोरगं शाळेतलं सांगतं आणि आई ऐकते, तशी.

जेवण झाल्यावर तिनं कपाटातून शिवणाची पेटी काढायला लावली. पांढऱ्या खणाचा एक तुकडा शोधला, सुई शोधली. "दोरा ओवून दे रे. मला दिसत न्हाई." मी उजेडात धरून ओवून दिला. पांढरा, दुहेरी, खाली गाठ. पोलक्याचं काही उसवलं असेल म्हणून मी पुन्हा छताकडं बघत राहिलो, हुक कुठं बसेल ते ठरवत. वळून पाहिलं तर तिनं गळ्यातल्या डबीभोवती तो तुकडा गुंडाळला होता आणि छातीशी धरून, अंदाजानं, बारीक बारीक टाके घालत होती. झाकणावरून. चारी अंगानं.

"हे काय करायलीस?"

"उद्यापून तिथंच न्हाईन," ती म्हणाली. "तू बांधलेल्या खोलीत. दांडी धरून. तू बिनघोर जा नांदेडला."

"अव्वा, साखळी लावतो मी. उद्या लावतो."

"आता काही फोडू नको. मला पुन्हा उचलायची पाळी तुझ्यावर येऊ नये. लिंग ऱ्हाईल गळ्यात. हात मातर लागायचा न्हाई." सुई थांबली नाही. "दुखण्यात माफ असतंय. आता मला दुखणंच समज."

मी तिच्या समोर खाली बसलो आणि टाके बघत राहिलो. मोडलेल्या हाताचे असून सरळ होते. शेवटची गाठ तिनं दोनदा मारली, ओढून पाहिली. मग पेटीत कात्री चाचपायला लागली. मीही शोधली, ओट्यावर, खिडकीत. सापडेना. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "ये इकडं," आणि गळा पुढं केला. मी वाकलो. तिच्या मानेला चंदनाचा वास येत होता. मी दोरा दातांनी तोडला.